पायली कुणाची?

ऑनलाइन दुकानात दोन-तीन वस्तू शेजारी शेजारी मांडून पाहायची सोय असावी का, असली तर कशी असावी, यावर आमच्या धंद्यात सध्या पुन्हा जुंपली आहे. आमचा धंदा म्हणजे दुकानाची पानं आखणं, माल नोंदवणं, प्रत्येक वस्तूचे तपशील विक्रेत्यांकडून भरून घेणं. एका गटाचं म्हणणं असं की तुलनेचा तक्ता हा मोठ्या पडद्याच्या जमान्यातला प्रकार. मोबाईलवर दोन रकानेही धड मावत नाहीत, वापरणारे मूठभर, तेव्हा तो काढा आणि त्या जागी एआयला प्रश्न विचारायची खिडकी बसवा. दुसरा गट म्हणतो, गिऱ्हाईक शहाणं असतं, त्याच्यापुढे सगळी माहिती ओता, काय घ्यायचं ते त्याचं ते बघेल. मग भांडण रंगतं ते रकाने तीन की चार, फरकाच्या ओळी पिवळ्या करायच्या का, वरची नावांची पट्टी खाली सरकताना जागेवर ठेवायची का, यांवर. या प्रश्नांवर मीही तासन् तास घालवले आहेत. पण तराजूची दांडी पितळेची असावी की स्टीलची यावर दोघांनी हातघाईवर यावं आणि पारड्याखाली काय चिकटवलंय ते कुणीच वाकून पाहू नये, तसं हे चाललं आहे. माझं म्हणणं सरळ आहे. तुलनेचा तक्ता हे माप आहे. दुकानाला तो ठेवायचा असेल तर मापाला लागतात ते नियम पाळून ठेवावा. ते जमणार नसेल तर ठेवू नये, निदान गिऱ्हाइकाला आपण मोजून घेतलं असा भ्रम तरी होणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात आईच्या खोलीतला छताचा पंखा बदलायचा होता. तीन पंखे निवडले आणि तक्ता उघडला. पहिल्या पाच ओळी अशा: रंग, पात्यांची संख्या, पात्यांचं मटेरियल, ‘शैली’ आणि खोक्यात काय काय येतं. पंखा ज्यासाठी घ्यायचा तो वारा चौदाव्या ओळीत. तिथे पहिल्या पंख्यापुढे २३० लिहिलेलं, दुसऱ्यापुढे ७,४०० आणि तिसऱ्यापुढे नुसती आडवी रेघ. वाचणारा काय समजेल? दुसरा पंखा वादळ आणतो आणि तिसऱ्याला वाराच नाही. प्रत्यक्षात पहिल्याचा आकडा मिनिटाला किती घनमीटर हवा याचा होता आणि दुसऱ्याचा घनफुटांचा. एका घनमीटरमध्ये सुमारे ३५.३ घनफूट बसतात, म्हणजे दुसऱ्याचे ७,४०० म्हणजे जेमतेम २१० घनमीटर. वारा पहिल्याचाच जास्त. वरच्या ओळीत फेऱ्यांचा आकडा मात्र तिघांचाही ठळक होता, आणि नुसत्या फेऱ्यांवरून वारा ठरत नाही. पात्याची रुंदी आणि त्याचा कोन त्याच्याइतकाच महत्त्वाचा. पहिला पंखा २८ वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, दुसरा ७५ वॅटचा. दिवसाला बारा तास आणि वर्षातले तीनशे दिवस धरले तर फरक सुमारे १६९ युनिटांचा पडतो. आठ रुपये दरानं साडेतेराशे रुपये. हा हिशेब तक्त्यात कुठेही नव्हता. आणि आईच्या दृष्टीनं जो एकच मुद्दा होता त्याची तर ओळच नव्हती: भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालेल का? बीएलडीसी पंखे बहुतेक रिमोटवर चालतात, जुना रेग्युलेटर काढून टाकावा लागतो. आईला चष्मा सापडत नाही, तिथे रात्री दोन वाजता रिमोट कुठून सापडणार?

असे तक्ते भरून घेण्यात मी आयुष्याची काही वर्षं घालवली आहेत, तरी ते २३० आणि ७,४०० पाहून दोन मिनिटं मीही चक्रावलो. मग ज्याला घनमीटर म्हणजे काय हेच ठाऊक नाही त्यानं काय करावं? ‘गिऱ्हाईक शहाणं असतं’ म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे की शहाण्या माणसाला खोटं माप दिलं तर तो शहाणपणानं काय मोजणार?

हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. किलो-लिटर येण्याआधी धान्य पायलीनं मोजत, आणि पायली गावागणिक वेगळी असे. चिपटं, मापटं, शेर, पायली, मण, खंडी ही उतरंड सगळीकडे तीच, पण या गावची पायली त्या गावच्या पायलीत घातली तर कधी सांडायची, कधी उणी पडायची. त्याच्यावर शीग, म्हणजे मापाच्या काठावर चढणारी रास. घेताना माप शिगोशीग भरून घ्यायचं आणि देताना वरून हात फिरवून सपाट करायचं, एवढ्या एका हालचालीत कितीतरी कुणब्यांच्या घरातलं धान्य सावकाराच्या घरी गेलं. माप तेच, फक्त हात कुणाचा हा फरक. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं दशमान मापं बाजारात आली, तेव्हाही ‘लोकांना कळत नाही, त्यांना पायलीची सवय आहे’ असं म्हणणारे होतेच. लोकांना किलो कळायला वेळ लागला हे खरं. पण नाशिकचा व्यापारी आणि नांदेडचा शेतकरी एकाच मापाबद्दल बोलू लागले ते त्यानंतरच. आज एका कंपनीची घनमीटरची पायली आणि दुसऱ्याची घनफुटांची एकाच ओळीत शेजारी ठेवून आपण तिला ‘तुलना’ म्हणतो, ही १९५६ च्या मागे जाण्याचीच तऱ्हा आहे.

माप प्रमाणित झालं म्हणजे प्रश्न संपला असंही नाही. भारतातला पहिला नियंत्रित बाजार १८८६ साली वऱ्हाडात कारंजा इथे, हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेन्सीच्या आदेशानं सुरू झाला. कापसाचा बाजार. तिथे शिस्त आली, वजनात सचोटी आली. पण कळकळ कुणाची होती? मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध कापूस वाजवी भावात हवा होता, तिथून ही व्यवस्था सुरू झाली. शेतकऱ्याला त्यातून काही फायदा झाला असेलही, पण नियम कापसाच्या खरेदीदाराच्या सोयीचे. ऑनलाइन दुकानातला तक्ता याच जातीचा आहे. त्यातल्या ओळी कोण ठरवतं? मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी ओळी ठरतात त्या विक्रेत्यांनी जे भरून पाठवलं त्यावरून. विक्रेत्याला रंग सांगायला आवडतो, किती ‘मोड’ आहेत ते सांगायला आवडतं. वॉशिंग मशीनला नळाला किमान किती दाबाचं पाणी लागतं, हे त्याला फारसं सांगायचं नसतं. आणि वरच्या मजल्यावर, टाकी डोक्याशी असलेल्या घरात मशीन चालणार की नाही हे त्यावरच ठरतं.

आता समोरच्यांचे मुद्दे. पहिला असा: तक्ता वापरणारे थोडे, मग एवढा खटाटोप कशाला? थोडे आहेत, हे मी मान्य करतो. साबण, चहापूड, फोनचं कव्हर घेताना कुणी तक्ता उघडत नाही आणि उघडूही नये. पण पेट्रोल पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं आणि कुणीही ग्राहक ‘मापून दाखवा’ म्हणू शकतो, हे किती जणांना माहीत आहे? आणि माहीत असणाऱ्यांपैकी किती जणांनी आयुष्यात एकदा तरी मापून घेतलं? मी तरी एकदाच घेतलं, तेही मागच्या गाडीवाल्याच्या शिव्या खात. म्हणून ते माप पंपावरून हटवायचं का? ते तिथे आहे म्हणून न मोजणाऱ्यांनाही बरंचसं पुरेपूर पेट्रोल मिळतं. तक्त्याचं तसंच आहे. शंभरातले चार जण नीट तुलना करू शकतात हे कळलं की माल बनवणारा त्या चौघांना डोळ्यांसमोर ठेवून माल बनवतो, आणि त्याचा लाभ बाकीच्या शहाण्णवांना फुकट मिळतो.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. दुकानवाले म्हणतात, आम्ही फक्त बाजार भरवतो. माहिती विक्रेत्याची, ती खरी की खोटी हे आम्ही लाखो वस्तूंसाठी कसं तपासणार? प्रत्येक मिक्सर, प्रत्येक गीझर प्रयोगशाळेत नेणं दुकानाला शक्य नाही, हे खरंच आहे. ते काम १९६६ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीसारख्या संस्थांनी आपल्या ऐपतीप्रमाणे केलं, जर्मनीत त्यासाठी १९६४ साली सरकारनं स्वतंत्र प्रतिष्ठान उभारलं. दुकानानं ती जागा घ्यावी असं मी म्हणतच नाही. पण ‘आम्ही विक्रेत्याला काही सांगू शकत नाही’ हे मला पटत नाही, कारण तेच दुकान विक्रेत्याला वस्तूच्या फोटोची पार्श्वभूमी पांढरीशुभ्रच हवी असं सांगतं आणि ती जराशी करडी असली तर नोंदणी परत पाठवतं. पार्श्वभूमीच्या रंगासाठी यंत्रणा आहे, मग वाऱ्याचा आकडा घनमीटरमध्येच भरा, नाहीतर नोंद होणार नाही, हे सांगायला कुणी अडवलं आहे? एकक बदलून देणं तर त्याहून सोपं. तो गुणाकार संगणकाला एका ओळीत शिकवता येतो.

खरी गोम रिकाम्या चौकटीत आहे, आणि तिच्यावर मी सर्वांत जास्त अडून बसतो. एका दुकानात असताना प्रेशर कुकरच्या तक्त्यात ‘इंडक्शनवर चालतो का’ अशी ओळ घातली होती. साध्या बुडाचा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही, खाली वेगळा तळ बसवलेला असावा लागतो, तेव्हा ओळ कामाची. पण ज्या विक्रेत्यांनी ती भरलीच नाही त्यांच्या चौकटीत पानावर राखाडी फुली दिसू लागली, कारण आखणी करताना ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांना एकच खूण दिली होती. इंडक्शनवर उत्तम चालणारे कुकर फुलीखाली गेले. महिन्याभरात विक्रेते हुशार झाले. सगळ्यांनी सरसकट ‘हो’ भरायला सुरुवात केली. मग कुकर परत येऊ लागले, एका बाईंनी तर शेगडीवर ठेवलेल्या थंडगार कुकरचा फोटो पाठवला, खाली फक्त तारीख-वेळ लिहून. या सगळ्यात खोटं बोलायला पहिल्यांदा कुणी शिकवलं? आमच्या फुलीनं. तिथे ‘विक्रेत्यानं सांगितलेलं नाही’ असे तीन शब्द लिहिले असते तर गिऱ्हाइकाला खरं कळलं असतं आणि विक्रेत्याला खरं भरावंसं वाटलं असतं. आखणीवाले म्हणाले, तीन शब्द चौकटीत मावत नाहीत. मावत नाहीत तर चौकट मोठी करा. रंगांच्या नावांसाठी ती दोनदा मोठी केली होतीच.

तिसरी गोष्ट मालकीची, आणि इथे मला तडजोड दिसत नाही. ज्याचा तराजू आहे त्याचाच माल पारड्यात असेल तर काय होतं, हे अमेरिकेतल्या विमान कंपन्यांनी दाखवून दिलं. अमेरिकन एअरलाइन्सची ‘सेबर’ ही आरक्षणाची संगणक-व्यवस्था १९७६ पासून प्रवासी एजंटांच्या टेबलांवर पोहोचली. एजंट बहुतेक तिकिटं पहिल्याच पडद्यावरून काढत, आणि पडद्यावर कुणाचं विमान आधी दाखवायचं हे यंत्राच्या मालकाच्या हातात. त्यासाठी खोटी माहिती द्यायची गरजच नव्हती. विमानं यादीत होती, फक्त काही मागे ढकललेली. शेवटी १९८४ साली तिथल्या नियामकानं अशा पक्षपाती मांडणीवर बंदी घातली. युरोपात २०१७ साली गुगलला २.४२ अब्ज युरोंचा दंड झाला तो नेमका तुलनेच्या सेवेवरूनच: शोधाच्या निकालात स्वतःची किंमत-तुलनेची सेवा वर आणि इतरांची खाली. २०२४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला. आपल्याकडेही २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बाजार भरवणाऱ्या दुकानानं माल कोणत्या निकषांवर वरखाली लावला जातो हे सांगावं लागतं, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये निघालेल्या ‘डार्क पॅटर्न’च्या, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या मांडणीच्या, मार्गदर्शक सूचनांतल्या तेरा प्रकारांत जाहिरात जाहिरातीसारखी न दिसू देणं हा एक प्रकार आहे. मग मी दोन पंखे निवडल्यावर तक्त्यात तिसरा रकाना आपोआप उगवतो, ‘तुमच्यासाठी सुचवलेला’ म्हणून, आणि त्याच्यामागे कुणीतरी पैसे मोजलेले असतात, त्याला काय म्हणायचं? तिसरी वस्तू मध्ये आणून ठेवली की पहिल्या दोघांतली पसंती हलते, हे बाजारशास्त्रवाले १९८२ पासून प्रयोग करून सांगत आहेत. पारड्यात मी न ठेवलेली वस्तू दुकानदारानं ठेवायची नाही, एवढा साधा नियम भाजीवाल्यालाही लागू आहे.

समोरच्यांचा सर्वांत दमदार मुद्दा मात्र मी राखून ठेवला होता, आणि तो मला आजही पुरता खोडता येत नाही. तो असा की जे मोजता येतं तेच तक्त्यात येतं, आणि जे तक्त्यात येतं त्याचीच शर्यत लागते. मिक्सरच्या वॅटची शर्यत आठवा: ५०० चे ७५० झाले, ७५० चे १,०००, आणि चटणी पूर्वी होती तशीच. फोनच्या कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलचंही तेच. भांड्याचं झाकण दोन वर्षांनी घट्ट बसेल का, दुरुस्तीला माणूस येईल का, पंखा चालू असताना कुरकुर ऐकू येईल का, याची ओळ कशी करणार? हे सगळं मान्य. पण यावरून मोजणं सोडा असा निष्कर्ष निघत नाही. कामाच्या जवळचं माप शोधा असा निघतो. पंख्यांच्या वीजबचतीच्या तारांकनात वॅट एकटे मोजत नाहीत, एका वॅटमागे किती वारा मिळतो ते मोजतात, आणि जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ते तारांकन बंधनकारक आहे. ताऱ्यांचे निकषही दर काही वर्षांनी कडक होतात: जुलै २०२२ मध्ये एसींचे निकष वर सरकले आणि पाच तारे मिरवणारे कितीतरी एसी चारांवर आले. माप खेळवायला शिकलेल्यांच्या पुढे माप सरकत ठेवायचं. आणि जे मोजता येत नाही ते तक्त्यानं मोजल्याचा आव आणू नये. म्हणूनच सगळ्या ओळी कुटून शेवटी ‘८.७ गुण’ असा एकच आकडा देणाऱ्या तक्त्यांवर माझा राग आहे. माझ्या आईच्या रिमोटचं दुःख आणि शेजारच्या होस्टेलवाल्याचं वीजबिल एकाच आकड्यात कसं बसेल?

माहिती जास्त झाली की माणूस गांगरतो, असंही सांगतात आणि पुरावा म्हणून मुरांब्याचा तो प्रसिद्ध प्रयोग पुढे करतात: २४ प्रकार मांडले तेव्हा थोड्यांनी विकत घेतलं, ६ मांडले तेव्हा कितीतरी जास्त जणांनी. तो प्रयोग २००० सालचा. २०१० साली अशा पन्नास प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला तर सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. कधी गांगरतो, कधी नाही. मला तर वाटतं, बावीस ओळींमुळे गांगरणारा माणूस ओळींच्या संख्येपेक्षा त्यांतल्या पंधरा ओळी सारख्याच असल्यामुळे गांगरतो. आधी फक्त फरकाच्या ओळी दाखवा, बाकीच्या दुमडून ठेवा. छोट्या पडद्याची अडचणही त्यानं निम्मी होते.

राहिली एआयची खिडकी. ‘म्हातारीच्या खोलीसाठी कोणता पंखा घेऊ?’ असं विचारलं की गोड शब्दांत उत्तर येतं, आणि ते वाचायला तक्त्यापेक्षा कितीतरी सोपं. मी तिच्या विरुद्ध नाही. पण ती खिडकी आकडे आणणार कुठून? त्याच कोठारातून, जिथे घनमीटर आणि घनफूट एकाच कप्प्यात आहेत आणि रेग्युलेटरचा कप्पाच नाही. तक्त्यात निदान ती आडवी रेघ दिसते, इथे काहीतरी गाळलंय हे डोळ्याला खुपतं. गोड वाक्यात रेघ दिसत नाही. पायली तीच राहते, फक्त ती पडद्याआड जाते, आणि मोजणारा आतून ओरडून सांगतो, ‘भरली हो!’

पंख्याचं पुढे असं झालं की मी कंटाळून पुण्यातल्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, गेलो. दुकानदारानं आधी विचारलं, ‘वापरणार कोण?’ आई म्हटल्यावर त्यानं बीएलडीसीचं खोकं बाजूला सारलं, दोन पंखे चालू केले आणि म्हणाला, ‘साहेब, खाली उभे राहा, काय वाटतं ते सांगा.’ जुन्या दुकानदाराचं कौतुक करायला मी हे सांगत नाही. ज्या कंपनीवर त्याला जास्त सुटत होतं तिचाच पंखा त्यानं आधी लावला, हे मला धंद्यातला म्हणून लगेच कळलं. शेवटी घेतला तो ५२ वॅटचा, रेग्युलेटरवर चालणारा, ऑनलाइन तक्त्यातला तिसऱ्या रकान्यातला, आडवी रेघवाला. घरी आणून खोकं उघडण्याआधी बाजूचं लेबल वाचलं. वाऱ्याचा आकडा ठळक छापलेला होता, घनमीटरमध्ये: २२०.